ढवळीच्या सायीसाठी शिबिर

बाळांनो, मांडी घालून बसा आणि मधे चुळबुळ करू नका.

तर एका जंगलात सिंहमहाराजांचा गोठा होता. सिंहाला गोठा कशाला, म्हणता? अरे, हौसेला मोल नसतं! महाराजांना दुधावरची साय चाटायची भारी आवड. गोठ्यात ढवळी नावाची गाय होती आणि टिकली नावाची शेळी. दोघी गवत-कडबा खायच्या आणि दुधावर जाड साय धरायची. सगळं कसं छान चाललं होतं. म्हणजे आता कुणीतरी सुधारणा करणारच!

राजाचे सल्लागार कोल्होबा गोठ्यात आले आणि त्यांनी नाक मुरडलं.

"कडबा? शी! आजपासून दोघींना मक्याचा भरडा आणि वर भरपूर तेल. तेल जाईल पोटात, साय येईल ताटात!"

दोघींनी निमूट खाल्लं. टिकलीची साय उलट थोडी वाढलीच. ढवळीचं दूध मात्र पांचट झालं. महाराजांच्या मिशीला काही चिकटेना.

"महाराज," ढवळी म्हणाली, "टिकलीचं पोट वेगळं, माझं वेगळं. तिला तेल मानवतं, मला नाही. मला मूठभर कडबा द्या हो."

"ऐकलंत?" कोल्होबा म्हणाले. "कारणं! खाणं तेच, गोठा तोच. शेळीला जमतं ते हिला का जमू नये? हिच्यात जिद्दच नाही."

महाराजांनी जांभई दिली. "पौर्णिमेपर्यंत वाटीत साय दिसली नाही, तर ताटात गाय दिसेल."



कोल्होबांनी लगेच डोंगरावर जिद्द वाढवण्याचं शिबिर भरवलं. टिकलीला यशाचं रहस्य सांगायला नेलं.

"मी काही केलं नाही बाई, पुढ्यात आलं ते खाल्लं," टिकली म्हणाली.

"वा! काय ही नम्रता!" कोल्होबांनी टाळ्या वाजवल्या.

आता गंमत ऐका. भरड्याची पोती डोंगरावर चढवायला गाढवाने साफ नकार दिला. मग ढवळी करणार काय? दिवसभर डोंगरातलं वाळलं गवत खायची आणि व्याख्यानाला बसून रवंथ करायची. तिची मान हलली की कोल्होबांना वाटायचं, पटतंय हिला!

पौर्णिमेला महाराजांच्या मिशीवर ही जाड साय! ढवळीचा जीव भांड्यात पडला. कोल्होबांना शाल मिळाली, नारळ मिळाला.

"महाराज, ते गवतामुळे हो..." ढवळी सांगू लागली.

"गुरूला विसरू नये, ढवळे!" महाराज म्हणाले. "जा, तुला बक्षीस. आजपासून दुप्पट भरडा, दुप्पट तेल. गवताचं तोंडसुद्धा बघायला लागणार नाही तुला!"

झालं! थोड्याच दिवसांत दूध पुन्हा पातळ. महाराज ढवळीकडे बघून दात कोरू लागले. बिचारी पुढे आली. कडबा हा शब्द ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

"महाराज," ती म्हणाली, "माझी जिद्द पुन्हा कमी झालीय. कोल्होबांची व्याख्यानं ऐकल्याशिवाय मला करमत नाही. मला कायमची डोंगरावरच ठेवा ना!"

"बघा, याला म्हणतात शहाणी गाय!" कोल्होबांचे डोळे भरून आले.

ढवळी अजून डोंगरावर आहे. ती चरते, मान हलवते आणि साय देते. कोल्होबांचा घसा तेवढा बसलाय.

तात्पर्य: बाळांनो, भूक लागली तर जेवण मागू नये, त्याला कारणं सांगणं म्हणतात. उपदेश मागावा आणि जिथे गवत असेल तिथे बसून ऐकावा.