घाई शे, पन धक्का नही

धुळ्याहून साक्रीकडे जाताना तुम्हाला रस्त्याच्या कडेला एक जुनी हिरवी जीप दिसेल. तिच्यामागे जमिनीला पोट घासेल की काय अशी एक ठेंगणी ट्रॉली असेल, आणि त्या ट्रॉलीत डोकं खुपसून एक साठीचा माणूस पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याकडे टक लावून बघत असेल. गाडी थांबवू नका, मदत विचारू नका. ते आमचे सुपडूनाना आहेत आणि त्यांचं काम चाललेलं आहे.

हे काम ते रोज सकाळी करतात. पेला काठोकाठ भरायचा, रिकाम्या ट्रॉलीच्या मधोमध ठेवायचा, हायवेच्या पुलापर्यंत एक चक्कर मारायची आणि परत येऊन बोटाने मोजायचं, पाणी किती सांडलं ते. मग माझ्या ऑफिसच्या दारात उभे राहून ते निकाल जाहीर करतात.

"मॅनेजर, आज दोन बोट सांडं."

दोन बोटांचा दिवस म्हणजे सुतकी चेहरा आणि ग्रीसचा डबा घेऊन तासभर ट्रॉलीखाली. एका बोटाचा दिवस म्हणजे माझ्या खर्चाने भजी. मी मॅनेजर वगैरे कोणी नाही. आग्रा रोडला माझं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे, त्यात मी एकटाच बसतो, आणि झाडूही मीच मारतो. पण नानांनी एकदा एखाद्याला पदवी दिली की ते ती काढून घेत नाहीत.

आमच्याकडे येणारा माल बहुतेक 'अर्जंट' असतो. अर्जंट म्हणजे काय ते ऐका. पार्टी दहा वाजता माल आणून टाकते आणि बारा वाजता तो शिरपूरला पाहिजे म्हणते. ट्रकवाला म्हणतो, भरती पुरी झाल्याशिवाय चाक हलणार नाही. मग तो अर्जंट माल दुसऱ्याच्या कांद्याखाली दोन दिवस बसून राहतो आणि पार्टीच्या शिव्या मी खातो. नानांचा हिशेब वेगळा. एक माल, एक गाडी, आता निघायचं. ट्रॉलीच्या मागे त्यांनी पिवळ्या रंगात लिहून घेतलंय: 'घाई शे, पन धक्का नही.'

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. पण या कामासाठी माणसाने गाडी कोणती घ्यावी? अख्ख्या ट्रक स्टँडने सल्ला दिला, छोटा बंद पिकप घ्या. सगळ्यात जास्त सल्ला मी दिला, कारण तो मला फुकट पडतो. नानांकडे स्वतःचा सहाचाकी ट्रक होता, पंचवीस वर्षं चालवलेला. तो त्यांनी विकला, ही म्हातारी जीप घेतली आणि पारोळा रोडच्या एका वेल्डरकडून ट्रॉली बनवून घेतली. त्या वेल्डरसमोर आजही नानांचं नाव काढू नका. चार वेळा त्याने एक्सल कापला आणि चार वेळा जोडला, कारण नाना रोज पेला घेऊन जायचे.

ट्रॉलीचा तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. मागचा फळका खाली सोडला की उतरण तयार होते, माल उचलायचा नाही, ढकलायचा. खाली मोटारीच्या मऊ स्प्रिंगा, आत रबराची चटई. आणि उजव्या अंगाला माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर सरकत्या काचेची एक खिडकी, तिला फुलाफुलांचा पडदा.

"नाना, मालाला खिडकी कशाला?"

"मालले वारा नको का?"

"मग इतकी खाली?"

"माल काय उभा ऱ्हास का?"



ट्रक स्टँडवरची पोरं टिंगल करायची. "नाना, गाडी रांगायला कधी शिकली? चालायला लागली की सांगा." नाना शांतपणे हूक घट्ट करत म्हणायचे, "तुमना ट्रक उंच शे रे भो. वर ठेयेल अक्कल उतारले शिडी लागी."

आणि कामाला नाना एक नंबर, हे मला झक मारून कबूल करावं लागतं. ऐन कापसाच्या दिवसांत शिरपूरकडच्या एका जिनिंगचा शाफ्ट तुटला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, मालक कपाळाला हात लावून उभा. नवा शाफ्ट धुळ्यात लेथवर तयार झाला. तो ट्रकात चढवायला चार हमाल लागले असते. नानांनी एका माणसाकडून तो ढकलून घेतला, थेट मशीनच्या दारात ट्रॉली नेली, हूक सोडला, आणि उतरवणाऱ्यांना "निवांत उतारा" सांगून जीप घेऊन चहाला निघून गेले. ट्रॉली अशी सोडून देण्यावर त्यांचा फार जीव. "सोडी दी का आपन मोकया," म्हणायचे.

एकदा यावलला केळीची रोपं न्यायची होती, लॅबमध्ये वाढवलेली, वीतभर उंचीची, वाऱ्याने मान टाकणारी. तिथला शेतकरी प्रत्येक ट्रे उन्हात धरून बघत होता. एक पान मोडलेलं सापडेना तेव्हा त्याचा चेहरा संशयी झाला. "नाना, तुम्ही रस्त्यानेच आले ना?" नाना म्हणाले, "पेला सांडना नही, ते पान काबर मोडी?"

तर अशा माणसाचं नशीब उघडायची वेळ आली, आणि ती मी आणली. एमआयडीसीतल्या एका कंपनीला दवाखान्यांच्या यंत्रांचे नाजूक भाग रोज पोचवायचे होते. त्यांचे साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. नानांच्या सगळ्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, त्यांनी चाळल्या, तुटफूट शून्य. खूष झाले. मग ट्रॉली बघायला खाली वाकले आणि त्यांचा चष्मा धुळीत पडला. उठून त्यांनी दोन अटी घातल्या. गाडी म्हणून नवा बंद पिकप हवा, ही ट्रॉली विकून टाकायची. आणि आठवड्याचे सगळे दिवस यायचं, खाडा नाही. मी करारनामा टाइप करून ठेवला. म्हातारपणाची सोय झाली या माणसाची, म्हटलं.

नाना शोरूमला गेले. पिकपमध्ये पेला ठेवला. चक्कर मारली.

"अर्धा पेला गया, मॅनेजर. नही जमाव."

"अहो नाना, कंपनीला पाणी नाही न्यायचं!"

"त्यास्ले नही. माले नेनं शे ना."

"आणि खाड्याचं काय?"

"बाजारना दिन मी येत नही."

हे एक जुनंच दुखणं होतं. आठवड्यातून एक दिवस नाना गायब. कितीही अर्जंट माल येवो, कितीही मोठी पार्टी असो, फोन बंद. विचारलं की एवढंच सांगायचे, "बाजार शे." अहो, बाजार मलाही असतो. पिशवी घेऊन अर्ध्या तासात होतो. त्यात स्टँडवरच्या एकाने माझ्या कानात सोडलं, की त्या दिवशी नाना साक्रीच्या पलीकडे ट्रॉली नेतात, पडदा लावलेला असतो, आत कोणाचा तरी खासगी माल असतो. माझं डोकंच फिरलं. मी यांच्यासाठी साहेबांच्या पाया पडतोय, आणि हे माझ्या पाठीमागे दुसऱ्याचा माल वाहतात!

साहेबांनी मुदत दिली होती तो दिवस नेमका बाजाराचा निघाला. संध्याकाळपर्यंत सही नाही, तर काम दुसऱ्याला. मी करारनामा मोटारसायकलच्या डिकीत टाकला आणि निघालो. साक्री ओलांडून पुढच्या गावच्या आठवडे बाजारात पोचलो. लिंबाखाली हिरवी जीप उभी, मागे ट्रॉली नाही. बाजूला बाकड्यावर नाना चहा पीत बसलेले.

"सापडलात," मी ओरडलो. "कोणाचा माल आणलाय?"

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग बशीतला चहा संपवला. "मना शे," म्हणाले आणि बाजाराकडे बोट दाखवलं.

भाजीवाल्या बायका दोन ओळींत जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध, कांद्याच्या आणि वांग्याच्या ढिगांमध्ये, ट्रॉली सोडून दिलेली होती. उभ्याने मला तिचं फक्त छप्पर दिसत होतं. मी वाकलो. तरी नीट दिसेना, म्हणून सरळ मातीत बसलो.

खिडकीचा पडदा बाजूला सारलेला होता. आत गादीवर, पाठीशी लोड घेऊन, मोठं कुंकू लावलेली एक बाई बसली होती. तिचे डोळे आणि समोर बसलेल्या वांगेवालीचे डोळे अगदी एका पातळीत होते, आणि दोघींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"हाई वांगं काल तोडेल शे. माले नको शिकाडू, मी वांगा लायेल बाई शे!"

"अक्का, तू येस त्या दिन मना धंदाच व्हत नही वं!"

आणि दोघी खळखळून हसल्या. ती गुडघ्याच्या उंचीची खिडकी मला तेव्हा कळली. सहा वर्षं मी तिला हसत होतो.

मी उठून नानांकडे आलो. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता.

"हाई मनी घरवाली. बैलगाडीवरथीन पडनी," ते म्हणाले. "कापूस येची येत व्हती. कंबरखाले जीव नही ऱ्हायना. मनाच ट्रकमा टाकी धुयाना दवाखानामा आनी. पंचवीस वरीस चालाडा तो ट्रक, पन त्या दिन माले समजनं, रस्तावर कितला खड्डा शेतस. ती वरडती ते बरं व्हतं. पदर दातमा धरा, वरडनीच नही."

चहा निवत होता. नाना पुढे बोलले ते जमिनीकडे बघत.

"मंग घरमा पडी ऱ्हायनी. म्हने, माले कोठेच जानं नही. पन हाऊ तिना माहेरना बाजार. बाजारना दिन दारकडे देखत ऱ्हाये. मी ट्रक इकी टाका."

"आणि माल?"

"ट्रॉली नुसती उभी करी ते खाऊ काय? ट्रॉली तिनी शे. बाकीना दिन मालले बसाडस."

इतक्या वर्षांत मी रोज विचारत आलो होतो, "नाना, घरचं बरं ना?" आणि ते रोज म्हणत आले होते, "बरं शे." मी पुढे कधी विचारलं नाही. मला बिल्टी फाडायची घाई असायची. त्या बाकड्यावर मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवावीशीही वाटली नाही.

"मग तुम्ही इथे लांब का बसता?"

"मी समोर ऱ्हायनू का ती भाव करत नही. लाजस."

एवढ्यात माझा फोन वाजला. साहेब होते. सही झाली का, विचारत होते.

"सही होणार नाही," मी म्हणालो. "नाना बाजाराच्या दिवशी येणार नाहीत. ट्रॉली हीच राहील. तुमचा माल या ट्रॉलीतून गेला तर तुटणार नाही, पिकपमधून गेला तर माझी जबाबदारी नाही. परवडत असेल तर बोला."

साहेबांना परवडलं नाही. ट्रॉलीत माणूस बसवणं कायद्याच्या कुठल्या कलमात बसतं, असं कोणी मला विचारील. विचारा. पण विचारण्याआधी कंबर मोडलेल्या माणसाला आमच्या रस्त्यांवरून एकदा ट्रकात घालून आणा.

बाजार उठायला लागला तसं नानांनी जीप नेऊन हूक लावला. अक्कांनी खिडकीतून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाऊ कोन शे हो?"

"मॅनेजर शे. मना हापिसना."

"ट्रॉली इकी टाका म्हनस, तोच का?"

"तो मी नाही, अक्का," मी म्हणालो. "तो दुसरा होता. त्याला काढून टाकला."

अक्कांनी वांग्यांची पिशवी उचलून दाखवली. "ते मंग घर चाला. भरीत खाई जा."

मी मोटारसायकलवर ट्रॉलीच्या मागे निघालो. मागून ट्रक हॉर्न मारून मारून पुढे गेले, शिव्या घालून गेले. नाना खड्डा आला की जीप जवळजवळ थांबवत आणि एकेक चाक उतरवत. पुढे जीप हिंदकळायची, मागे पडदासुद्धा हलत नव्हता.

घरी पोचल्यावर नानांनी फळका सोडला आणि सवयीप्रमाणे आधी अक्कांजवळ ठेवलेला पेला बघितला. पेला कोरडा ठणठणीत. नानांचा चेहरा एकदम उतरला. ते गुडघ्यांवर बसून चटई चाचपू लागले. चटईही कोरडी.

"मी पी लिधं," आतून अक्का म्हणाल्या. "तहान लागनी व्हती. सहा वरीस व्हयनात, नुसतं पेलामा देखतस. पानी पाहिजे का, असं एकदा बी इचारं का माले?"

नाना उठले. घरात जाऊन माठातून पेला काठोकाठ भरून घेतला आणि दोन्ही हातांत धरून ओट्याच्या पायऱ्या उतरू लागले. पायरीगणिक पाणी मनगटांवरून ओघळत होतं, आणि ते बघायला त्यांना डोळे नीट उघडता येत नव्हते.

अक्कांनी पेला घेतला, आत बोट घालून बघितलं, आणि माझ्याकडे वळून निकाल जाहीर केला.

"मॅनेजर, दोन बोट सांडं."