रस्ता सरळ असल्याचे गाडीस मान्य नाही

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. त्यात नागमोडी घसरत जाणाऱ्या गाडीचे चित्र.

नंदुरबारबाहेर पथारीवर वाळत पडलेली मिरची. शेजारून शिंकत जाणारी रिक्षा.

उसाला पाणी चालू आहे.

घरासमोर स्वखर्चाने बांधलेला गतिरोधक. शेजाऱ्याच्या गतिरोधकापेक्षा वीतभर उंच.

‘हा रस्ता खड्डेमुक्त आहे’ अशी पाटी. पाटी रोवायला खणलेला खड्डा मात्र अगदी मापात.

या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असे उपअभियंता भूपेंद्र पाटील यांचे प्रामाणिक मत होते. ते रस्त्यांच्या एका खात्यात होते. कोणत्या, ते विचारू नये. एका रस्त्यावर इतक्या खात्यांचा हक्क असतो की आपण कोणाचे, हे खड्ड्यालाही सांगता येत नाही. कळसाडीकडे जाणारा रस्ता तेवढा निर्विवाद भूपेंद्ररावांचा होता. पावसाळा संपताच तो खड्डेमुक्त झाल्याचे त्यांनी प्रमाणित केले होते. शुक्रवारी अधीक्षक साहेब पाहणीला येणार होते. पाहणी नीट पार पडली, तर पदातले ‘उप’ गळून ‘कार्यकारी’ लागणार होते. खात्याची जीप खात्याच्याच रस्त्यांवर चालून खिळखिळी झाल्यामुळे पाहणी भूपेंद्ररावांच्या स्वतःच्या गाडीतून व्हायची होती.

त्या गाडीत हा दिवा लागला.

नंदुरबारच्या गॅरेजमध्ये जोएल नावाचा तंत्रज्ञ होता. नवापूरकडचा, संगणक सांगेल त्यापलीकडे स्वतःचे मत न ठेवणारा, म्हणून बढती मिळालेला. त्याने डॅशबोर्डखाली स्कॅनर जोडला आणि निदान सांगितले. स्टिअरिंग किती वळले आहे, हे गाडीला कळवणारा सेन्सर बिघडला होता. स्टिअरिंग सरळ धरले की पडद्यावर शून्य दिसायला हवे. दिसत होते डावीकडे बारा अंश. गाडी जागच्या जागी उभी राहून सतत वळत होती.

जोएलने नवा सेन्सर बसवला. आता एकच विधी उरला. स्टिअरिंग मधोमध धरून सपाट रस्त्यावर थोडा वेळ सरळ गाडी चालवायची. आपण सरळ जात आहोत, हे संगणकाने एकदा पाहिले की तो सेन्सरवर विश्वास ठेवतो आणि दिवा विझतो.

भूपेंद्ररावांनी अभिमानाने स्वतःचाच रस्ता सुचवला.

पहिल्या फेरीत गाडी डावीकडे गेली, उजवीकडे आली, थबकली, साइडपट्टीवर उतरली आणि एका गतिरोधकावरून उडाली. संगणकाने नापास केले. दुसऱ्या फेरीत चालक बदलून पाहिला. तोही नापास.

“साहेब,” जोएल अदबीने म्हणाला, “गाडी सरळ चालतच नाहीये. मध्ये खड्डे येतात.”

“खड्डे नाहीत. मी प्रमाणित केलंय.”

“मग आपण चुकवतोय ते काय?”

भूपेंद्ररावांनी यावर विचार केला. प्रमाणपत्र खोटे असू शकत नव्हते, कारण त्यावर त्यांची सही होती. “सेन्सर खराब आहे,” ते म्हणाले.

जोएलला हे पटले. त्याने दुसरा सेन्सर बसवला. मग तिसरा. जिल्ह्यात येणारा प्रत्येक नवा सेन्सर कळसाडीच्या रस्त्यावर नापास होऊ लागला, तेव्हा सेन्सर बनवणाऱ्यांच्या सचोटीबद्दल भूपेंद्ररावांनी जाहीर शंका घेतली. अक्कलकुव्यापुढे हद्दीपलीकडे सरळ रस्ता मिळतो, असे जोएलने हळूच सुचवून पाहिले. आपल्या गाडीचा सरळपणा परराज्यातून मंजूर करून आणणे भूपेंद्ररावांच्या स्वाभिमानाला मानवले नाही.

घरी वडिलांपाशी, हिलाल आबांपाशी, त्यांनी मन मोकळे केले. आबा ओट्यावर बसून उसाच्या पाण्याकडे लक्ष ठेवून होते.

“रस्तामा चर शेतस ना,” आबा म्हणाले. “तठे गाडी आपटस.”

“लोक पाइपसाठी रस्त्यात चर खणतात, आबा. बुजवतही नाहीत.”

“मंग? पाणी काय उडीसन जाई का?”

पत्नी शीलाने चहा ठेवता ठेवता एवढेच विचारले, की दिव्यावर टिकली लावली तर चालणार नाही का. भूपेंद्ररावांना अशी फसवणूक मान्य नव्हती. त्यांना रीतसर मार्ग हवा होता.

[या ठिकाणचा एक परिच्छेद उखडला आहे. काम प्रगतिपथावर आहे. वाचकांनी कडेने जावे.]

रीतसर मार्ग गुरुवारी जोएलनेच काढला. रस्ता संगणकाला पटत नसेल, तर संगणकाने सरळची व्याख्या बदलावी. गाडी जशी हेलकावे खात जाते तसे जाणे म्हणजेच शून्य अंश, असे त्याने सेन्सरला शिकवले. दिवा विझला. भूपेंद्ररावांच्या डोळ्यांत पाणी आले.

शुक्रवारी अधीक्षक साहेब पुढच्या सीटवर बसले. गाडी डावीकडे गेली, उजवीकडे आली, साइडपट्टीवर उतरून पुन्हा वर चढली. साहेबांचे डोके तीनदा छताला लागले. त्यांनी तिन्ही वेळा डॅशबोर्डकडे पाहिले.

“दिवा नाही,” ते समाधानाने म्हणाले. “पाटील, हल्लीच्या गाड्या खोटं बोलत नाहीत.”

कळसाडीच्या अलीकडे मात्र घात झाला. साहेब येणार म्हणून ठेकेदाराने कोणी न सांगता, केवळ भक्तिभावाने, रस्त्याचा एक तुकडा काचेसारखा गुळगुळीत करून ठेवला होता. गाडी त्यावर आली आणि त्या दिवशी प्रथमच सरळ धावू लागली. लगेच पिवळा दिवा लागला, कर्कश आवाज झाला, आणि गाडी घसरते आहे अशी खात्री पटून तिने आपणहून ब्रेक मारला.

साहेब खाली उतरले. त्यांनी त्या तुकड्यावरून बूट फिरवून पाहिला.

“बाकी रस्ता उत्तम आहे. इथेच दोष दिसतो.”

“हो साहेब. ठेकेदाराचा निष्काळजीपणा.”

“उखडून घ्या. उरलेल्या रस्त्यासारखा करा.”

आठवड्याच्या आत तुकडा उखडला गेला. ठेकेदाराला नोटीस मिळाली, भूपेंद्रराव कार्यकारी अभियंता झाले, आणि जोएलच्या गॅरेजपुढे गाड्यांची रांग लागली. आता जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्या सरळ चालतात. अडचण येते ती फक्त चांगल्या रस्त्यावर, पण ती फार लोकांना येत नाही.

मघाशी वाटेत एक परिच्छेद उखडलेला होता. आपण सवयीने कडेने निघून आलात. तिथे काय होते, कोणी उखडले, कधी भरणार, असे काही विचारले नाहीत. दिवा लागला नाही. आपलेही शून्य व्यवस्थित बसलेले आहे.

रस्ता नवा कोरा होता त्या वर्षी कळसाडीजवळचा पहिला चर हिलाल आबांनी उसाच्या पाइपसाठी खणला. तो सरळ यावा म्हणून दोरीचे दुसरे टोक भूपेंद्रने धरले होते.