इस्त्री केलेलं विमान

आमच्या शेजारचे साळवे आप्पा आठवड्यातून एकदोनदा तरी माझी इस्त्री मागून न्यायचे, आणि त्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट मात्र मी कधी पाहिला नव्हता. शर्ट असा, की वाटावं रात्रभर उशीखाली होता. असा माणूस दारात उभा राहून इस्त्री मागतो, वर "ताई, हिचं गरम कमीजास्त हुतं ना नीट?" अशी चौकशीही करतो, तेव्हा आपण काय समजायचं? पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, कुणाचं लग्न आहे का. म्हणाले, "न्हाई वो. पंखाला सुरकुत्या पडल्यात."

मी ऐकलं पंख्याला. छताच्या पंख्याला सुरकुत्या कशा पडतात ते बघायला मी त्यांच्या मागोमाग गेले, तर बाहेरच्या खोलीत, पलंग उभा करून मोकळ्या केलेल्या जागेत, विमान होतं. आप्पांनी ते जुळवायला घेतलंय हे मला ठाऊक होतं, एवढं मोठं असेल हे नव्हतं. खेळण्यातलं म्हणावं तर माणूस आडवा झोपेल एवढं, आणि खरं म्हणावं तर लाकडाच्या फासळ्यांचं. त्या फासळ्यांवर चकचकीत पातळ कागद चिकटवलेला, आणि आप्पा माझी इस्त्री त्यावरून अशी हलकेच फिरवत होते, की तेवढ्या मायेनं मी माझ्या शालूवरसुद्धा फिरवली नसेल. ऊब लागली की कागद आक्रसायचा आणि सुरकुती जायची. बघायला मजा वाटायची, हे कबूल.

केडगाव स्टेशनजवळ माझा शिवणक्लास आहे. त्यातल्या निम्म्या वस्तू या विमानापायी आप्पांच्या घरी राहायला गेल्या. टाचण्या तर डबीच्या डबी. लाकडाच्या पातळ पट्ट्या नकाशावर ठेवून डिंक वाळेपर्यंत टाचण्यांनी अडकवून ठेवायच्या, असं ते काम. क्लासमधल्या मुलींना टाचणी मिळेनाशी झाली की मीच सांगायचे, जा, विमानतळावरून घेऊन या.

आप्पांची सगळी नोकरी सणसवाडीच्या एका कंपनीत, पेंट शॉपमध्ये गेली. रंगाचा एक हात मारायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा. त्या धंद्यानं त्यांना एक वाक्य दिलं आणि त्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं: "सुकू द्या." गल्लीत पाण्याच्या नळावरून भांडण पेटलं, की आप्पा मध्ये पडत नाहीत, ओट्यावरूनच म्हणतात, सुकू द्या. माझ्या भाचीला बघून गेलेल्या मंडळींचा निरोप येईना, म्हणून मी फोन करायला निघाले, तर मला अडवलं. "ओल्यावर हात लावला की ठसा उमटतो, ताई. सुकू द्या." निरोप आला तो नकाराचा. मी तणतणत त्यांना सांगायला गेले. आप्पा शांतपणे म्हणाले, सुकल्यावर रंग कळतो तो असा.

विमानाचं लाकडी सामान आलं तेही या वाक्यामुळंच रखडलं. पुण्यात अशी विमानं उडवणारे एक जोशी सर आहेत. आप्पांनी त्यांची कुठून ओळख काढली देव जाणे, पण त्यांच्यामार्फत एक लांबलचक खोका आला. गल्लीनं तो फ्रीज ठरवला, मग सोफा ठरवला. आप्पांनी खोका उघडला, आतला सूचनांचा कागद वाचला, खोका बंद केला आणि माळ्यावर टाकला. सगळा पावसाळा तो तिथं होता. विचारावं तर आकाशाकडं बोट दाखवायचे.

दिवाळीच्या सुमाराला मी तो कागद मागून घेतला. पहिल्याच ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, सगळे भाग आधी 'ड्राय फिट' करा. पेंट शॉपमध्ये हयात गेलेल्या माणसानं त्याचा काय अर्थ लावावा? हवा कोरडी असतानाच बसवा. मला हसू आवरेना. म्हटलं, आप्पा, हे आमच्याकडचं कच्च्या टाक्याचं काम आहे. पक्की शिलाई मारण्याआधी नुसतं टाचून अंगावर घालून बघतात ना, तसं डिंक न लावता बसवून बघायचं. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. आप्पांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी पावसाळा वाया न्हाई गेला. लाकूड तर सुकलं."

त्यानंतर मात्र ते झपाट्यानं कामाला लागले. पलंग उभा झाला तो तेव्हाच. साळवे काकी खाली चटईवर झोपायला लागल्या, पण तक्रार नाही. मुळात काकींना तक्रार ऐकवायची आणि ऐकायची दोन्ही सवय राहिलेली नव्हती. त्यांना ऐकू येत नाही. जन्मापासून नाही, हळूहळू गेलं, नळाचं पाणी बारीक होत जावं तसं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल, मग माणसं. मुलीनं कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते काकींनी चार दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. "त्यात भांडी लई वाजत्यात आन् माणसं कमी," असं त्यांचं म्हणणं. आता त्या समोरच्याच्या तोंडाकडं बघून अंदाजानं हसतात. कधीकधी चुकीच्या जागी हसतात. आमच्या सासऱ्यांच्या दहाव्याला हसल्या होत्या, तेव्हा आप्पांनी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांकडं असं बघितलं, की जो तो खाली बघायला लागला.

विमानाला अंग आलं, शेपूट आलं. गल्लीत पैजा लागल्या, की हे दारातून बाहेर निघत नाही, भिंत पाडावी लागणार. आप्पांनी सगळ्यांसमोर बाह्या उसवाव्यात तसे दोन्ही पंख काढून बाजूला ठेवले आणि पुन्हा बसवले. पैजा लावणारे चहा पिऊन गेले.

मग आलं इंजिन, दुधाच्या किटलीएवढं. खऱ्या जेटसारखं, रॉकेल पिणारं. यावरून मात्र आमचं वाजलं. जोशी सर स्वतः सांगून गेले होते, की पहिलंच विमान आहे, बॅटरीची मोटर लावा, सोपी, बिनघोर, आवाजसुद्धा नाही. जेट म्हणजे आग. उतरताना एक चूक झाली की पंखांच्या टाकीतल्या रॉकेलसकट दोन वर्षांच्या कामाची राख. आप्पांचं एकच: "आवाज पायजे." मी म्हटलं, आप्पा, आवाज काय चाटायचाय? तर म्हणाले, सुकू द्या.

काकी बहिणीकडं शिरूरला गेल्या, तेव्हा आप्पांनी ते इंजिन परसात एका बाकाला बांधून चालू केलं. दुपारची वेळ. मी डोळा लावून पडले होते. आधी शिट्टी झाली, कुणी कानात सुई घालावी तशी, आणि मग असा घरघराट उठला, की मांडणीवरची ताटं थरथरली आणि दोरीवरचे परकर शेजारच्या वाड्यात गेले. मी भांडायलाच गेले. आप्पा बाकासमोर उभे होते आणि त्यांचा एक तळहात स्वतःच्या छातीवर होता. मला वाटलं, दुखतंय की काय. भांडण विसरून मी पाणी आणलं. ते म्हणाले काही नाही, आणि काकीला सांगू नका. बायकोला घाबरतात, असं मी धरून चालले. अख्ख्या गल्लीला सांगितलंही.

उडवायचं ठरलं राहू गावाच्या अलीकडं. तिथं प्लॉट पाडून सरळ डांबरी रस्ता करून ठेवलेला आहे आणि घर अजून एकही नाही. मालकाला विचारलं, पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. त्या दिवशी सकाळी आप्पा इस्त्री परत द्यायला आले आणि मी बघतच राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाहीला धारेसारखी घडी. मला म्हणाले, "ताई, तुम्ही चला. तिच्याजवळ कुणीतरी पायजे."

टेम्पोत मागं विमान, विमानाशेजारी काकी डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि पुढं आप्पा आणि मी. चौफुला सुटल्यावर आप्पा आपणहून बोलायला लागले. लग्न झालं तेव्हा, कंपनीत लागायच्या आधी, ते लोहगावला विमानतळाजवळ ट्रक रंगवायचे. भाड्याची पत्र्याची खोली होती. काकी शिरूर तालुक्यातल्या खेड्यातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं, की पिठाच्या हातानं पळत बाहेर यायच्या. त्यांना दुसऱ्या कुणाच्याही आधी ऐकू यायचं. आप्पांना काही कळायच्या आत म्हणायच्या, आलं बघा.

"डॉक्टर म्हणला, बारीक आवाज गेले ते गेले," आप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले. "जाड काय उरलं आसल तर उरलं. जाड म्हंजी किती जाड, ते त्याला सांगता येईना. मी परसात छातीला हात लावून बघितलं. कान बंद केले तरी हितं वाजतंय. पर माझ्या छातीत वाजलं म्हंजी तिच्या वाजंलच असं न्हाई."

मी म्हटलं, काकींना आधीच का नाही ऐकवलं मग?

"आन् न्हाई आलं तर?"

मी वळून बघितलं. मागं काकी विमानाच्या नाकावर पदर धरून बसल्या होत्या, ऊन लागू नये म्हणून.

जोशी सर पुण्याहून आले होते. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी रिमोट आप्पांकडं दिला. आप्पांनी तो परत त्यांच्या हातात ठेवला. दोन वर्षं घासलेलं, चिकटवलेलं, माझ्या इस्त्रीनं गुळगुळीत केलेलं विमान, आणि उडवायची पाळी आली तर म्हणतात, "तुम्ही उडवा सर. मला तिकडं उभं राहायचंय." ते येऊन काकींच्या समोर उभे राहिले, विमानाकडं पाठ करून.

इंजिन लागलं. तीच सुईसारखी शिट्टी. मी कानावर हात ठेवले. काकी मला सांगत होत्या, की भाकरी सकाळच्या आहेत पण ठेचा ताजा आहे, आणि सांगतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी आप्पांकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. त्या माणसाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

मग विमान पळालं. डांबरी रस्त्यावरून धूळ उडवत गेलं, उचललं, लांब उसाच्या वर जाऊन वळलं आणि पूर्ण जोरात आमच्या बाजूनं परत आलं. माझ्या दातांत ते वाजलं. काकींचं ठेच्यावरचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. उजवा हात गळ्याखाली, छातीवर गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी मान वर केली ती बरोबर विमानाच्या दिशेनं.

"आलं बघा," त्या म्हणाल्या.

विमानानं आणखी दोन फेऱ्या मारल्या. उतरताना एकदा उसळलं, रस्ता सोडून गवतात घुसलं, आणि माझा उडालेला जीव ते धडपणे थांबल्यावरच जागेवर आला. नाक थोडं घासलं होतं, बाकी आग नाही, राख नाही. जोशी सर हात वर करून ओरडत होते. आप्पांनी यातलं काही म्हणजे काही बघितलं नाही. ते अजून तसेच, विमानाकडं पाठ करून, काकींच्या तोंडाकडं बघत उभे होते.

काकींनी कपाळाला आठ्या घातल्या. किती वर्षांनी त्यांच्या तोंडून तक्रार ऐकली असेल कुणास ठाऊक. "अहो," त्या म्हणाल्या, "त्या सरास्नी सांगा, जरा बारीक करा म्हणावं. केवढा आवाज त्यो."

आप्पा हसायला गेले आणि ते काही जमलं नाही. डोळ्यांतून धारा लागल्या, हनुवटीवरून त्या पांढऱ्या, इस्त्रीच्या शर्टावर पडायला लागल्या. मलाही भरून आलं होतं, पण मी आपली शिवणकामाची बाई, मला शर्टाचा डाग आधी दिसतो. मी पर्समधून रुमाल काढून पुढं केला.

आप्पांनी तो हातानं बाजूला सारला.

"ऱ्हाऊ द्या, ताई," ते म्हणाले. "सुकू द्या."