नरसय्याअण्णांचा युरोप

ज्या दुपारी नरसय्याअण्णांनी यंत्राचा दांडा फिरवायचा थांबवला, त्या दुपारी युरोपचा इतिहास जळाला.

अण्णा मूळचे विणकर. माग सोडून ते सोलापुरातल्या एका थिएटरात मूकपट दाखवू लागले. विलायती फिल्म तुटली की खराब तुकडा कापून घरी न्यायचे. असे तुकडे जोडून त्यांनी स्वतःचा पट केला. विषय, युरोप कसा सुधारला. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून क्रम लावायला मला बोलावत, आणि लावत स्वतःच. त्यांचा पोप एका विनोदी पटातला आचारी होता. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "आसू द्या की. टोपी हाय न्हवं?" युरोपबद्दल त्यांचं मत एवढंच, की आधी देवळं बांधली, मग ती पाडायला तोफा केल्या. लई सुधारले.

दुपारी थिएटरची दारं लावून ते मला पट दाखवत. सुरुवातीला मी हसे, मग पुढे सरकून बसे. रोमच्या बाजारात खाकी कोटातल्या एका माणसाची पाठ दिसे आणि जाई. राजवाड्यातल्या नाचात त्याचा खांदा. पोपच्या मागे गाल. शतकांमागून शतकं तो हळूहळू वळत होता.

रोममध्ये हा शिपाई कुठून आला, असं मी विचारलं.

"मास्तर, लुगड्यावर बुट्टी एकदाच काडत्यात व्हय?" म्हणाले. मग दांडा फिरवता फिरवता, "आमचा व्यंकटी हाय त्यो. आसंल."

व्यंकटी, त्यांचा मुलगा, जर्मनीच्या लढाईत फ्रान्सला गेला, तो परतला नाही. एका बातमीपटाच्या तुकड्यात अण्णांना तो दिसल्यासारखा वाटला. यंत्र थांबवावं तर दिव्याच्या आचेने फिल्म पेटते. म्हणून तो थोडा थोडा तरी पाहता यावा यासाठी त्या तुकड्याचे बारीक भाग करून त्यांनी ते साऱ्या युरोपात विणले होते. तरी खात्री होईना. खात्री आईच देईल, म्हणून त्या दुपारी त्यांनी बायकोला, सत्यम्मांना, प्रथमच आणलं.

तोफा आल्या. तो माणूस पुरता वळला.

सत्यम्मा तेलुगूत म्हणाल्या, "जरा थांबवा. नीट बघू द्या."

अण्णांना काय होणार ते ठाऊक होतं. त्यांनी दांडा सोडला. चेहरा पडद्यावर थांबला, आमच्याकडे पाहत. डोळ्यांच्या जागी एक डाग उमटला आणि पसरत गेला.

आम्ही धुरातून बाहेर आलो. मी सत्यम्मांच्या शेजारीच बसलो होतो; नाक-डोळे ओळखू यायच्या आत सगळं गेलं होतं. त्या अण्णांच्या भाजलेल्या हातावर पाणी ओतत म्हणाल्या, "तोच."

अण्णांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

ते गेल्या महिन्यात वारले. माझ्याकडे बोटभर फिल्म उरली आहे. तिच्यात एक रस्ता आहे. रस्त्यावर कोणी नाही.