दोन भाषांत रमलेली मुलगी

शालूताईंच्या खेळघरात प्रवेशासाठी मुलांना काही विचारत नाहीत. परीक्षा बापाची होते. मला त्यांनी सतरंजीवर बसवलं, पुढ्यात चिकणमातीचा गोळा ठेवला आणि म्हणाल्या, "चालो, बनवा काहीतरी."

मी बडोद्यात, मकरपुऱ्याला यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला. घाम पुसत एक बेअरिंग बनवलं, चांगलं गुळगुळीत.

"चार वर्षांच्या मुलीचे बाप ना तुम्ही?" ताईंनी विचारलं आणि बेअरिंगचा परत गोळा केला. "पुन्हा."

दुसऱ्या खेपेला जमलेल्या हत्तीवर आमच्या ईराला प्रवेश मिळाला. पण ताई म्हणाल्या, "पंधरा दिवस बघू. मग बोलू." ईरा अजून बोलत नाही. दोन शाळांनी चहा पाजून आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला होता. हे तिसरं दार बंद झालं तर चौथं कुठलं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीजवळच्या त्या दोन खोल्यांत पाटी-पेन्सिल दिसत नाही. चिंचोके, वाळू, पाण्याचं घमेलं, जुनी पातेली. डॉक्टरांचा मुलगा आणि भाजीवालीची मुलगी एकाच घमेल्यात हात घालतात. कानाला यंत्र लावणारी एक मुलगी आहे, चाकाच्या खुर्चीतला जय आहे. जयसाठी दाराशी उतार बांधला, तर सगळी पोरं त्यावरूनच घसरायला लागली. पायऱ्या आता फक्त पालक वापरतात. कुणी विचारलं, "ताई, कक्को कधी शिकवणार, मुळाक्षरं कधी?" की ताई म्हणतात, "आधी हात मळू देत ना!" हे त्या ज्या आवाजात म्हणतात, तो समोरच्या बांगड्यांच्या दुकानात ऐकू जातो. त्यांनी "बेसी जाओ!" म्हटलं की दुकानातलं गिऱ्हाईकही बसतं.

संध्याकाळी प्रत्येक पालकाला एकच वाक्य मिळतं. मला रोज मिळायचं, "आज नाही रमली." सहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. कारखान्यात दिवसभर गुजराती बोलून माझा कानही गुजराती झालेला. गुजरातीत रमणं म्हणजे खेळणं.

"खेळली नाही कशी? खिसे वाळूनं भरलेत तिचे!"

"खेळली हो!" ताई गरजल्या. "गुजरातीत रमली. मराठीत नाही रमली!"

बडोद्याबाहेर हे वाक्य कुणाला समजावूनही सांगता येणार नाही.

पंधराव्या दिवशी ताईंनी मला थांबवून घेतलं. बाकीचे पालक गेले. ईरा कोपऱ्यात घमेल्यापाशी बसली होती. ताई चक्क हळू बोलत होत्या, तेव्हाच मी ओळखलं, संपलं.

"रमली ती," ताई म्हणाल्या. "चार दिवस झाले, सांगितलं नाही तुम्हाला. दोन्ही भाषांत."

"मग?"

"माझ्यापाशी येत नाही." ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "जयपाशी जाते, आमच्या मदतनीस बाईंपाशी जाते. मी दिसले की कान झाकते. माझा आवाज, दुसरं काय! रोज घरी हळू बोलायची सवय करते. पण एकटीला बोलायला कोण आहे? कुकरशी बोलते. त्याची शिट्टी झाली की माझाही आवाज चढतो."

मला हसावं की काय करावं कळेना.

"पंधरा दिवस मीच मागितले होते," त्या म्हणाल्या, "तिचं मला कळतं का ते बघायला. नाही जमलं. आणखी पंधरा द्याल?"

मी भिंतीला टेकलो. दोन आठवडे आम्ही नवरा-बायको जिला घाबरत होतो, ती बाई माझ्याच मुलीसमोर उमेदवारी करत होती.

"महिना घ्या, ताई!" मी जवळजवळ ओरडलोच.

ताईंनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि घमेल्याकडे पाहिलं.

"हळू हो," त्या कुजबुजल्या. "दचकते ती."