मत? बोट दाखवा

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये "माझं मत असं आहे की" हे वाक्य पूर्ण करणं अवघड आहे. मागच्या खुर्चीवरून लगेच गजभिये काकांचा आवाज येतो, "मत? बोट दाखवा."

म्हणजे डाव्या हाताची तर्जनी दाखवायची. मागच्या निवडणुकीत मत दिलं असेल तर बोला. नसेल तर लिफ्ट बंद असो की पाणी, गप्प बसा. बोटावरची शाई महिनाभरात जाते, पण कोणी मत दिलं आणि कोणी नाही, हे काकांच्या वहीत पक्कं असतं. खराडीतली आमची चाळीस घरं, बहुतेक सगळी आयटीतली आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेली. काकांनी आमची चांगलीच पंचाईत करून ठेवली आहे.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. हडपसरच्या कारखान्यात लेथवर नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर काकूंना घेऊन ते इथे राहायला आले. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मतदानाला काका कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून जातात. त्यांच्या वडिलांची तशी ताकीद होती. "बापू, गावच्या विहिरीवर आपली रांग वेगळी होती. मताची रांग एकच हाये. तिथं धुतलेले कपडे घालून जाजो."

यंदा लोकसभेचं मतदान नेमकं सोमवारी आलं. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी, म्हणून मी महाबळेश्वर बुक केलं होतं. गाडी गेटबाहेर काढतोय तर काका समोर उभे.

"जा ना बापा. महाबळेश्वर कुठं पळून गेलं तर? मत काय, पाच वर्षांनी पुन्हा येतेच."

मी पुण्यात जन्मलो, टोमणे कोळून प्यायलोय. पण हा भंडाऱ्याचा टोमणा पार पाचगणीपर्यंत टोचत राहिला. रविवारी संध्याकाळी आम्ही परत आलो.

सोमवारी काका पांढऱ्या कपड्यांत दिवसभर गेटवर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी तक्ता, त्यावर सगळ्यांचे फ्लॅट नंबर. बोट दाखवायचं, मग काका नंबरासमोर खूण करणार. घरून काम करणारी पोरंसुद्धा गळ्यात हेडफोन अडकवून मत देऊन आली. एरवी आमची निम्मी घरंही बूथपर्यंत जात नसत. संध्याकाळी एकोणचाळीस घरांपुढे खुणा होत्या.

निकालाच्या दिवशी चौकात गुलाल उधळला, ताशे वाजले. कोण निवडून आलं यावर आमच्यात नेहमीसारखी भांडणं झाली. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. उरलेलं एक घर काकांचंच, तेव्हा ते स्वतःची खूण करायला विसरले असणार. सोसायटीतर्फे मी पेढे घेऊन वर गेलो आणि फार दिवसांची हौस फेडली.

"काका, बोट दाखवा."

त्यांनी हात पुढे केला. बोट कोरं होतं.

"यादीतून नाव उडालं माझं. सकाळी सातला गेलो तेव्हा समजलं."

"असं कसं उडालं? चूक कोणाची?" मी तावातावाने विचारलं.

"माझीच. ही गेल्यावर हिचं नाव काढाचा अर्ज भरला. त्यात हिच्या कार्डाचा नंबर लिहाचा, तर मी माझा लिहिला. तोच पाठ होता ना." काका हसले. "आता यादीत ती आहे. मी वारलो."

स्वतःचं मत हुकलेलं असताना हा माणूस दिवसभर आमची बोटं बघत बसला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि तो मी बोलूनही दाखवला. त्यांनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं आणि कपाटातून एक कागद काढला.

"माझा नवा अर्ज मी देऊन आलो. हा हिचा. दोनदा बसलो घेऊन. तुम्हीच भरा, कुलकर्णी. माझ्याच्यानं होत नाही."

कागद घेऊन मी घरी आलो. काकूंचा नंबर समोर आहे, पेनही आहे. काकूंनी डबा भरून दिलेल्या चकल्या आठवतात आणि अर्ज तसाच राहतो. पुढची निवडणूक येईपर्यंत तो भरायचा की नाही, याबद्दल माझं एक मत आहे. आणि माझ्या बोटावर शाई आहे.