वरचं सगळं खाली कर

आंधळगावात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, धंद्यात क्लाउड आणणारा पहिला माणूस मी. वर्ष होत आलं, दुसरा अजून कोणी निघालेला नाही, यावरून काय ते ओळखा.

माझं नाव हेमराज. मागच्या पडवीत सहा माग, पुढं साड्यांचं दुकान, आणि या दोहोंच्या मध्ये दिवसभर ये-जा करणारा मी. मला एका जागी बसवत नाही. जेवतानासुद्धा दोनदा उठून दुकानात डोकावून येतो. अशा माणसाला जर कोणी सांगितलं की धंद्याची सगळी रीतच बदलून राहिली आहे, तर त्याला चैन कसं पडणार?

सांगणारा होता माझा साळा भूषण. तो नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमच्या दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला होता आणि मी नवा घेण्याच्या बेतात होतो. भूषणने मला अडवलं. "भाऊजी, विहीर कायले खोदता? नळ घ्या ना," तो म्हणाला.

मग त्याने समजावलं. आता मोठमोठ्या कंपन्यासुद्धा स्वतःची मशीन घेत नाहीत. दूर कुठंतरी हजारो मशीन लावून ठेवलेली असतात, त्यातली हवी तेवढी जागा भाड्यानं घ्यायची. लग्नसराईत जास्त, पावसाळ्यात कमी. जे काल फक्त गिरणीवाल्यांना परवडत होतं, ते आज सहा मागांच्या माणसालाही महिन्याच्या चहाच्या खर्चात मिळतं. हे ऐकताना मी तीनदा उठलो आणि तीनदा बसलो. म्हणजे आता मी आणि गिरणीवाला एकाच रांगेत!

क्लाउडवर काय ठेवायचं, हा प्रश्नच नव्हता. आमची खरी इस्टेट म्हणजे चंद्रभानभाऊंचे काठ. चंद्रभानभाऊ माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या मागावर आहेत. वय बहात्तर. करवती असो, मोराचा असो, प्रत्येक काठ ते आधी चौकोनी कागदावर काढतात, एक चौकोन म्हणजे एक धागा. चाळीस वर्षांच्या अशा अकरा वह्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. मी आठवडाभर खपून सगळ्या पानांचे फोटो काढले, क्लाउडवर चढवले आणि फोनमधले पुसून टाकले. पासवर्ड लांबलचक ठेव आणि हरवणार नाही अशा जागी लिहून ठेव, असं भूषणने बजावलं होतं. त्या पेटीइतकी खात्रीची जागा घरात दुसरी नव्हती. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मोराचा काठ होता, त्याच्या पाठीमागं मी तो लिहून टाकला.

क्लाउड हा शब्द घरात कोणाच्या तोंडात बसेना. सगळे नुसतं 'वर' म्हणू लागले. वर ठेवलं, वर पाहा.

"वर मंजे माळ्यावर का जी?" चंद्रभानभाऊंनी विचारलं.

"माळ्याच्याही वर," मी ऐटीत म्हणालो. आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, की आता या घरात कागदाचं काम संपलं. चंद्रभानभाऊंनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. मला ते दिसलं, पण मी घाईत होतो.

घाई तेजस्विनीताईंची होती. पुण्यात त्यांचं हातमागाच्या साड्यांचं मोठं दुकान आहे. काठ पसंत पडले तर वर्षभराचं काम आमच्या सहाही मागांना मिळणार होतं. नाही पडले तर मनिष आणि विक्की हे माझे दोन विणकर जाणार होते. चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचं काम त्यांना मिळत होतं, आणि माझ्यासाठी ते शनिवारपर्यंत थांबले होते. एकदा मागावरून उठलेला माणूस परत बसत नाही. माझे दोन्ही भाऊ असेच उठले. सहाचे चार झाले की पुढं काय होतं ते मला माहीत होतं, आणि त्याची मला मनापासून भीती वाटत होती.

शुक्रवारी मी ताईंना घ्यायला वरठीच्या स्टेशनावर गेलो. गाडी पाऊण तास लेट. मी फलाटाची या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजणी केली. सहाव्या फेरीला डोक्यात आलं, की आपल्या गावात लाइट गेली की इंटरनेटही जातं. मग ताईंना वरचं दाखवणार कसं? आधीच ते घरच्या टॅबवर खाली उतरवून ठेवलेलं बरं. काय माझं डोकं!

मी घरी फोन लावला. उचलला सुनेनं, खुशबूनं. खुशबू बी.कॉम. आहे, कॉम्प्युटरवर तिचा हात भारी चालतो. माहेर हिंदी बोलणाऱ्या बालाघाटचं, मराठी आमच्याकडे आल्यावर शिकली. नेमकी तेव्हाच मालगाडी आली. मी ओरडून सांगितलं, "खुशबू, वरचं सगळं खाली कर!"

"सगळं, बाबा?"

"सगळं. एकबी वर ठेवू नोको."

आता वाचकहो, इथं जरा थांबा. मी तेव्हा थांबलो नाही, निदान तुम्ही तरी थांबा. माझं 'खाली' म्हणजे पायाखालचं खाली. बालाघाटचं खाली म्हणजे ज्यात काहीच उरलं नाही ते. तसं आमच्याकडे दोन्ही चालतं. एरवी मीच कंडक्टरला विचारतो, बस खाली आहे काय. पण त्या क्षणी यातलं काही सुचलं नाही. त्यात पुतण्याच्या लग्नाचे दोन हजार फोटोही मी फुकटची जागा समजून वरच टाकले होते. त्यामुळं जागा भरली आहे, कृपया खाली करा, असा हिंदीत निरोप कंपनी आठवडाभर पाठवत होती. खुशबूनं तो मला तीनदा दाखवला होता. तिला वाटलं, बाबांना एकदाचं समजलं.

ताई आल्या. गाडीत बसल्या बसल्या मी सुरू केलं. विहीर, नळ, गिरणीवाला, सगळं सांगितलं. आमचे काठ अशा कुलपात आहेत की मीसुद्धा पासवर्डशिवाय बघू शकत नाही, हेही सांगितलं. मोहाडी जवळ आली तोवर ताई खिडकीबाहेरचं धान फार मन लावून बघायला लागल्या होत्या. तेवढ्यात खुशबूचा फोन आला.

"बाबा, झालं सगळं खाली. फक्त कचऱ्याच्या डब्यात राहिलं आहे, पण ते तीस दिवसांनी आपोआप साफ होते म्हणते. मी लॉगआउट करून बाहेर पडली."

कचरा हा शब्द ऐकला आणि मी गाडी बाजूला घेतली. ताईंना टायर बघतो म्हणालो आणि बाभळीच्या आड जाऊन खुशबूला परत फोन केला. दोन वाक्यांत सगळा उलगडा झाला. मग भूषणला लावला. तो म्हणाला, घाबरता काहून, डब्यात आहे ना? पासवर्ड टाकून आत जा, एक बटण दाबलं की परत येते.

मला एवढा जीव आला की मी बाभळीला टेकलो, आणि काटे लागल्यावर सरळ झालो. बायकोला फोन लावला. "चंद्रकांता, माळ्यावरची पेटी खाली घे आन् पह्यली वही काढ."

"पेटी तं खाली केली ना जी."

"खाली उतरवली?"

"खाली केली."

मी तिथंच, रस्त्याच्या कडेला खाली बसलो. खुशबूनं सासूला सांगितलं होतं, की बाबांचा हुकूम आहे, वरचं सगळं खाली करा. खुशबूला वरचं एक माहीत, चंद्रकांताला दुसरं. तिला ती पेटी पापडांसाठी चार वर्षांपासून हवी होती. आणि कागदाचं काम संपलं, हे मी स्वतःच जाहीर केलेलं. मग कागद कुठं आहेत, असं विचारेपर्यंत रेंज गेली.

"काय झालं टायरला?" ताईंनी विचारलं.

"हवा खाली," मी म्हणालो, आणि माझ्याच जिभेचा मला राग आला.

घरी पोचलो. दुकानात साड्यांच्या थप्प्या नीट लावलेल्या होत्या. ताई म्हणाल्या, आधी काठांचे नमुने बघू. मी पाणी दिलं. चहा दिला. चिवडा दिला. परत पाणी दिलं. मधल्या मध्ये चंद्रकांताला डोळ्यांनी खुणा केल्या. एकोणतीस वर्षांचा संसार, पण पेटीची खूण आम्ही कधी ठरवलेली नव्हती. तिला वाटलं मला अजून चिवडा हवा आहे. दाराआड खुशबू डोळे पुसत होती. पडवीत मनिष आणि विक्की मागावर नुसते बसून होते, हात मांडीवर ठेवून. त्या बंद मागांकडे मला बघवेना.

शेवटी ताईच कंटाळून म्हणाल्या, नमुने राहू द्या, साड्याच उघडा.

चंद्रभानभाऊंनी पहिली साडी उघडली. घडीतून एक कागद गळून ताईंच्या पुढ्यात पडला. ताईंनी उचलला. कागदावरचा काठ पाहिला, साडीचा काठ पाहिला, परत कागद पाहिला. दुसरी साडी उघडली, दुसरा कागद. तिसरी, तिसरा. ताई चहा विसरल्या.

"प्रत्येक साडीत तिचाच कागद आहे. हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं. सवयच आहे. पण चंद्रकांता आधी बोलली. घड्यांत घालायचा कागद संपला होता, वर्तमानपत्राची शाई कोशाला लागते, म्हणून तिनं वह्या फाडायला घेतल्या. तेवढ्यात चंद्रभानभाऊ आले. फाडलेली पानं उचलून बघितली. मग तिच्याशेजारी बसले.

"म्या म्हनलं, कागदाचं काम सरलं तं सरलं," चंद्रभानभाऊ ताईंना म्हणाले. "पर ज्याचा त्याचा काठ ज्याच्या त्याच्या लुगड्यात जाऊ द्या. भलतीकडे काहून जावं?"

तासभर बसून म्हाताऱ्यानं एकेक पान ओळखून एकेका साडीत ठेवलं होतं. मला मान वर करवेना. लाज वाटली, खरंच वाटली.

लाज फार वेळ टिकली नाही, कारण पाचवी साडी मोराची निघाली. तिच्यातलं पान पालथं पडलं आणि त्यावर माझं अक्षर! पासवर्ड! मी झेपावलो. पहिली सहा अक्षरं वाचली, तोवर ताईंनी पान उचलून सुलटं केलं होतं.

"अहाहा, काय मोर आहे. हे पान मी घेऊन जाणार."

मी म्हणालो, ताई, त्याची मागची बाजू फार घाण आहे, दुसरं देतो.

"असू द्या. मागची बाजू कोण बघतं?" त्यांनी ते पर्समध्ये घातलं. मग म्हणाल्या, "हेमराजजी, चाळीस गावांचे नमुने माझ्या फोनवर क्लाउडमध्येच आहेत. स्वस्त झालं, सगळ्यांनाच मिळालं. त्यामुळं कोणाचंच थांबून बघितलं जात नाही. मला प्रत्येक साडीबरोबर तिचा हातानं काढलेला कागद द्या. सहाही माग वर्षभर माझे."

पडवीत मनिषचा धोटा चालू झाला. पाठोपाठ विक्कीचा. मी उगीचच बाहेर जाऊन अंगणात दोन चकरा मारून आलो.

आता चंद्रभानभाऊ परत कागदावर असतात आणि शेजारी खुशबू चौकोन भरायला शिकते. आधी ती भीतीनं बसायची, आता उठवली तरी उठत नाही. पेटीत पापड आहेत. सगळं ठीक आहे.

तो कचऱ्याचा डबा तेवढा राहिला. तीस दिवस मी तळमळत होतो. पासवर्ड विसरलो तर नवा घ्यायची सोय असते, पण त्यासाठी मी माझा जुना नंबर दिला होता, आणि तो मी चार महिन्यांपूर्वी बंद केला होता. क्लाउड बंद करायलाही तोच पासवर्ड लागतो, त्यामुळं भाडं चालूच. ताईंना विचारावं तर मोहाडीपर्यंत सांगितलेलं ते कुलूप आडवं येई. एकोणतिसाव्या दिवशी मी लाज गिळली आणि निरोप पाठवला, की त्या मोराच्या पानाचा एक फोटो पाठवाल का.

ताईंनी लगेच पाठवला. सागवानी चौकट, वर काच, दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, खास दिव्याखाली. मोर पिसारा फुलवून माझ्याकडे बघत होता.

मी फोन चंद्रभानभाऊंसमोर धरला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"बराबर सुलटा लावला हाय जी," ते समाधानानं म्हणाले.

"हो ना," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?